रोल बदलला की शिकलेलं वाया जातं का? वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ऑनलाइन गेममधे रोल, म्हणजे टीममधलं आपलं ठरलेलं काम, बदलणं. कुणाला मिड (मधली लेन म्हणजे वाट एकट्याने सांभाळणारा) सोडून सपोर्टला (साथीदाराला जपणारा) जायचंय, कुणाला टँकवरून (पुढे राहून मार खाणारा) हीलरवर (बाकीच्यांना बरं करणारा), आणि सगळ्यांना भीती एकच की इतके दिवस घासून घासून शिकलो ते सगळं पाण्यात जाणार. हा विषय माझ्या फार आवडीचा आहे त्यामुळे हेडफोन-माऊसचे प्रश्न पुढच्या वेळी, आज फक्त हेच.

प्रश्न: ताई, मी लीग ऑफ लीजेंड्समधे पहिल्यापासून मिड खेळतोय. आता आम्ही पाच मित्रांनी टीम केलीय आणि मिडला माझ्यापेक्षा भारी एक जण आहे, म्हणून सगळे मला सपोर्टला जा म्हणतायत. जाऊ का? परत शून्यापासून सुरुवात करायला जीवावर येतंय.
– एक मिड मेन

ताई: अरे जा की, आणि शून्यापासून अजिबात नाही. तुझ्यासारखीच वेळ पर्क्झवर आली होती. जीटू टीमचा मिड, चांगलं नाव असलेला, आणि २०१९ मधे टीममधे कॅप्स आला तोही मिडच, तर पर्क्झने स्वतः बॉट लेन (खालची लेन, जिथे दोघं खेळतात) घेतली आणि त्याच वर्षी त्या टीमने एमएसआय (वर्षाच्या मधली आंतरराष्ट्रीय स्पर्धा) जिंकलं आणि वर्ल्ड्सच्या (वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या) फायनलपर्यंत गेली. त्याच्याही आधी २०१७ ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघ. सॅमसंग गॅलक्सीने बीजिंगमधे नामांकित मिड फेकरच्या एसकेटी टीमला ३-० हरवलं, सॅमसंगचा जंगलर (लेनऐवजी जंगलात फिरणारा) ॲम्बिशन आधी मिड म्हणून ओळखला जायचा आणि सपोर्ट कोअरजेजे आधी एडीसी (बॉट लेनमधला मुख्य मारणारा) खेळायचा. पाचातले दोन जण दुसऱ्या रोलमधून आलेले आणि टीम जगात पहिली!

आता तुझ्याकडे आत्ता काय काय आहे ते मोजू, कारण तुला वाटतं त्यापेक्षा ते बरंच जास्त आहे.

लेव्हल दोनचं गणित घे. मिडला तू एकटा एक्सपी (लेव्हल वाढवणारे गुण) घेतोस, त्यामुळे पहिली वेव्ह (मिनियनची म्हणजे आपोआप चालत येणाऱ्या छोट्या सैनिकांची तुकडी) आणि दुसऱ्या वेव्हमधला एक मिनियन मेला की लेव्हल दोन, हे तुझ्या बोटांना माहितीये आणि समोरच्याच्या आधी तिथे पोचलास की तू पुढे होऊन मारतोस. बॉट लेनला एक्सपी दोघांत वाटला जातो म्हणून पहिली वेव्ह आणि दुसऱ्यातले पुढचे तीन मिनियन लागतात. आकडा बदलला, पण "आत्ता पुढे व्हायचं की मागे सरकायचं" हा विचार जसाच्या तसा राहिला. नवीन सपोर्ट प्लेयर नेमके इथेच मार खातात, त्यांना कळतच नाही की समोरची जोडी अचानक अंगावर का आली.

मग वेव्ह. तू मिडला वेव्ह ढकलून समोरच्या टॉवरखाली घालतोस आणि मग साइडला फिरायला जातोस, कारण टॉवर तुझे मिनियन मारेपर्यंत तुझं लेनमधे काही जात नाही आणि पुढची वेव्ह तुझ्याकडे परत सरकते. सपोर्टचा सगळ्यात अवघड निर्णय हाच असतो की एडीसीला एकटं कधी सोडायचं. वेव्ह टॉवरखाली गेली किंवा एडीसी बेसला गेला की निघ. वेव्ह मधोमध असताना समोर दोघं उभे असतील आणि तू निघालास तर तुझा एडीसी मरणार नाहीतर मिनियन सोडून मागे उभा राहणार, दोन्हीकडून नुकसान. पहिल्यापासून फक्त सपोर्ट खेळलेल्या बऱ्याच जणांना हे उशिरा उमगतं कारण वेव्हकडे त्यांनी कधी स्वतःच्या पोटापाण्याची गोष्ट म्हणून बघितलेलंच नसतं, तू बघितलंयस.

कूलडाउन (स्पेल परत वापरता येईपर्यंतचा वेळ) मोजणं तर तुला येतंच. मिडला समोरच्याचा एक मुख्य स्पेल चुकला की तू पुढे होतोस, इथे थ्रेश नाहीतर ब्लिट्झक्रँक या पात्रांचा हुक (लांबून ओढून घेणारा स्पेल) चुकला की पुढे व्हायचं. फ्लॅशचा (क्षणात थोडं पुढे-मागे उडी घ्यायच्या स्पेलचा) कूलडाउन पाच मिनिटांचा, समोरच्याने फ्लॅश मारला की चॅटमधे वेळ लिहायची सवय असेल तर ती इथे दुप्पट कामाची, कारण लेनमधे समोर दोन जण आहेत. आणि वॉर्ड, म्हणजे ती जागा दिसत राहावी म्हणून ठेवायची वस्तू. मिडला खेळताना ज्या झुडपातून जंगलर यायची धास्ती वाटायची ना, तिथेच वॉर्ड पाहिजे, तुला कुणी वेगळं शिकवायला नको.

नवीन काय आहे ते पण स्पष्ट सांगते. तुझे डोळे आत्तापर्यंत स्वतःच्या हेल्थवर होते, ते आता एडीसीच्या हेल्थवर आणि त्याच्या उभं राहण्याच्या जागेवर न्यावे लागतील, आणि हे होता होत नाही, पहिले बरेच सामने तू स्वतः सुखरूप असशील आणि तो मेलेला असेल. दुसरं म्हणजे सोनं. मिडला आयटम आले की ताकद आली, इथे कमी सोन्यात काम करायचंय, त्यामुळे "मी एकट्याने मारून टाकतो" हा हिशोब चुकायला लागतो. सुरुवातीला लिओना किंवा नॉटिलससारखा सरळ चॅम्पियन (पात्र) घे, म्हणजे बटणांचा विचार कमी आणि वरच्या गोष्टींकडे लक्ष जास्त.

प्रश्न: हाय ताई! मी व्हॅलोरंट या गोळीबाराच्या गेममधे जेट नाहीतर रेना हे डुएलिस्ट (आधी घुसणारे) एजंट खेळते, एम (नेम) बरा आहे. टीमला कंट्रोलर (स्मोक म्हणजे धूर टाकून रस्ते बंद करणारा) नाही म्हणून ओमेन घेतला तर दर राउंडला सगळ्यात आधी मीच मरतेय आणि मग स्मोक नाहीत म्हणून सगळे ओरडतात. माझा एम गेला कुठे?
– डुएलिस्ट मुलगी

ताई: अगं एम कुठेही गेला नाहीये. क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर ठेवणं, गोळी मारायच्या आधी थांबणं, कोपरा एका वेळी थोडा थोडा कापत बघणं, हे एजंटवर अवलंबून नसतं. व्हँडलची डोक्यात बसलेली गोळी कितीही लांबून एकातच मारते, बंदूक ओमेनच्या हातात आहे का जेटच्या ते तिला कळत नाही.

तुझ्याबरोबर आलीय ती सवय वेगळीच आहे, आधी मी जाणार ही. डुएलिस्टला ती पाहिजेच कारण जागा मोकळी करणं हेच तिचं काम आणि मेली तरी मागून कुणीतरी बदला घेतो. कंट्रोलरचं बघ, स्पाइक (बॉम्ब) लावल्यावर ४५ सेकंदांनी फुटतो, डिफ्यूज (निकामी) करायला ७ सेकंद लागतात आणि अर्धं झालं की साडेतीन सेकंदांचं काम जमा राहतं. या सगळ्या वेळात एक स्मोक योग्य जागी पडला तर समोरच्यांना आंधळेपणाने आत यावं लागतं. ओमेनचे स्मोक परत भरत राहतात, म्हणजे तू जितका वेळ जिवंत तितके स्मोक जास्त. तू पहिल्या झटक्यात गेलीस तर टीमचा एक माणूस गेला आणि पुढचे सगळे स्मोक पण गेले, म्हणून ते ओरडतात. ओरडायची पद्धत चुकीची असेल पण कारण खरं आहे.

आता तुझ्याकडे असलेली खरी संपत्ती. साइटवर (स्पाइक लावायच्या जागेत) घुसताना कुठल्या कोपऱ्याची भीती वाटते हे तुझ्याइतकं कुणाला माहितीये? जेट घेऊन आत जाताना "अरे तिकडचा रस्ता कुणीतरी बंद करा रे" असं ज्या ज्या जागेबद्दल वाटलंय त्या जागा कागदावर लिही, प्रत्येक मॅपच्या दोन-तीन, झाली तुझी स्मोकची यादी. नुसते व्हिडिओ बघून स्मोक पाठ केलेल्या माणसाला जागा माहिती असते पण वेळ माहिती नसते, तो डुएलिस्ट अजून मागे असतानाच स्मोक टाकून मोकळा होतो आणि घुसायच्या वेळी तो विरलेला असतो. डुएलिस्टला कधी पाहिजे ते तुला आतून माहितीये.

फक्त एक नियम कर, दरवाजातून दुसरी किंवा तिसरी जा, पहिली कधीच नाही. पुढचा मेला की त्याच क्षणी कोपऱ्याबाहेर येऊन बदला घे, तिथे तुझा एम हवा तेवढा वापर.

प्रश्न: सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवला की नेम किती फिरतो ते) प्रत्येक रोलसाठी वेगळी ठेवावी का? आणि एम ट्रेनरचा उपयोग होतो का?
– एक वाचक

ताई: एकच ठेव. हाताला एक अंतर लक्षात राहू दे, स्कोपची तेवढी वेगळी लावलीस तर चालेल. एम ट्रेनर हात गरम करायला चांगला, पण त्यात कोपऱ्यामागून कोण कधी येणार हा प्रश्नच नसतो आणि सामन्यात निम्मा एम म्हणजे तोच प्रश्न असतो. थोडा वेळ ट्रेनर आणि मग डेथमॅच (नुसत्या गोळीबाराचा सामना), माझं मत असं.

प्रश्न: नमस्कार. माझं वय पंचेचाळीसच्या पुढे आहे, फायनल फँटसी फोर्टीन खेळतो, कायम टँक. आमच्या ग्रुपमधे हीलर सोडून गेल्या म्हणून मी व्हाइट मेज (हीलरचा एक जॉब) घेतलं. आयुष्यभर मार खाणाऱ्या माणसाला आता मार भरून काढायचं जमेल का, की या वयात नवीन काही नको?
– ग्रुपमधले काका

ताई: काका, नमस्कार. वयाचं सोडा, टँक चांगला खेळलेला माणूस हीलर म्हणून इतरांपेक्षा पुढूनच सुरू करतो असं मी मनापासून मानते आणि त्याचं कारण सांगते.

टँकबस्टर (बॉसचा टँकवरचा जबर वार) कधी येतो हे तुम्हाला पाठ आहे. बॉसचा कास्ट बार (हल्ला कधी पूर्ण होणार ते दाखवणारी पट्टी) सुरू झाला की तुमचा हात आपोआप डिफेन्सिव्हवर (मार कमी करणाऱ्या बटणावर) जायचा, बरोबर? नवीन हीलर काय करतो, टँकची हेल्थ खाली गेलेली बघतो आणि मग घाबरून सगळं एकदम टाकतो. तुम्हाला मार बसायच्या आधी माहिती असतं की आता बसणार आहे, किती बसणार आहे आणि टँककडे त्या वेळी काही शिल्लक आहे का. हीलरचं अर्धं काम म्हणजे हेच पुढचं दिसणं. शिवाय बॉसचं तोंड फिरवण्याची, जमिनीवरच्या रंगीत जागेतून बाहेर निघण्याची, पुढचं मेकॅनिक (बॉसचा ठरलेला डाव) कुठे येणार त्याच्या जवळ आधीच उभं राहण्याची सवय तुम्हाला आहेच. ही सवय नसलेला हीलर स्वतःच मरतो आणि मग सगळेच मरतात.

ग्लोबल कूलडाउन (एका बटणानंतर दुसरं दाबता येईपर्यंतचा वेळ) तोच, साधारण अडीच सेकंदांचा. टँक म्हणून तुम्ही तो रिकामा जाऊ देत नव्हता, इथेही जाऊ देऊ नका. कुणाला हील नको असेल तेव्हा बॉसला मारत राहायचं, या गेममधे हीलरकडून ती अपेक्षा असते, आणि हे बऱ्याच हीलर्सना सांगून सांगून पटवावं लागतं, तुम्हाला ते सांगावं लागणार नाही.

नवीन दोन गोष्टी मात्र खरंच नवीन आहेत, त्यावर वेळ द्या. पहिली म्हणजे नजर. टँक बॉसकडे बघतो, हीलर पार्टी लिस्टकडे (सगळ्यांच्या हेल्थच्या यादीकडे), आणि सुरुवातीला तुम्ही बॉसकडेच बघत राहाल आणि कोपऱ्यात कुणीतरी मरून पडेल. पार्टी लिस्ट मोठी करा आणि स्क्रीनच्या मधल्या भागाजवळ आणून ठेवा, म्हणजे नजरेला लांब जावं लागणार नाही. दुसरी गोष्ट, कास्ट करताना हलता येत नाही. टँकचे बहुतेक हल्ले पटकन होतात त्यामुळे पळता पळता मारायची सवय असते. इथे कास्टच्या अगदी शेवटच्या क्षणी, साधारण अर्धा सेकंद राहिला की पाय उचलला तरी कास्ट पूर्ण होतो, याला स्लाइडकास्ट म्हणतात, ट्रेनिंग डमीवर रोज थोडा वेळ फक्त एवढंच करा. आणि स्विफ्टकास्ट (पुढचा कास्ट लगेच होऊ देणारं बटण) कुणी पडलं की रेझ (परत जिवंत) करायला राखून ठेवा, हील लवकर व्हावं म्हणून उडवू नका.

या गेममधे एकाच कॅरेक्टरवर सगळे जॉब खेळता येतात, त्यामुळे टँक सोडायचीही गरज नाही. आठवड्यातून एखादा दिवस परत टँक खेळा, हीलरला काय दिसतं हे कळल्यावर तुमचा टँक पण सुधारलेला दिसेल.

प्रश्न: मला हे बेसिक्स सगळीकडे चालतात वगैरे पटत नाही. ओव्हरवॉचमधे मी सोल्जर आणि कॅसिडी या बंदूकवाल्या हिरोंवर डायमंड (गोल्डपेक्षा वरची रँक) आहे, सपोर्टला गेलो की गोल्डवाले मला मारतात. स्किल एका रोलमधून दुसऱ्यात जातं म्हणता तर मग हे काय?
– न पटलेला वाचक

ताई: तुझा अनुभव खरा आहे. २०१९ मधे रोल क्यू (आधी रोल निवडून सामना शोधायची पद्धत) आलं तेव्हा ओव्हरवॉचने प्रत्येक रोलची रँक वेगळी केली, म्हणजे बनवणाऱ्यांनाही हेच दिसलं होतं की एका रोलमधला डायमंड दुसऱ्यात डायमंड असेलच असं नाही. त्यामुळे "बेसिक्स पक्के असले की सगळीकडे चालतं" असं कुणी सरसकट म्हणालं तर ते मलाही मान्य नाही.

हा वाद गेमिंगपेक्षा पुष्कळ जुना आहे. १९०१ मधे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी लोकांना आयतांचं क्षेत्रफळ नजरेने ओळखायचा सराव करायला लावला आणि मग वेगळे आकार दिले, तर सुधारणा अपेक्षेपेक्षा खूप कमी निघाली. त्यांचं म्हणणं असं की एका कामातलं कौशल्य दुसऱ्या कामात तेवढंच जातं जेवढे दोन्हीतले घटक सारखे असतात. पुढे १९७३ मधे चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळावर काम केलं. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली तर कसलेला खेळाडू ती भराभर परत मांडतो, पण सोंगट्या कशाही विखरून ठेवल्या तर त्याची ती आघाडी जवळजवळ नाहीशी होते. म्हणजे त्याची स्मरणशक्ती जगावेगळी नव्हती, खऱ्या डावात येणाऱ्या रचना त्याच्या ओळखीच्या होत्या.

आता हे तुझ्यावर लावून बघ. तू सपोर्टमधे कोण घेतोस? मर्सी घेत असशील तर तुझा एम जवळपास वापरलाच जात नाही, तिची बीम आपली आपण चिकटते, तिथे सगळं काम कुठे उभं राहायचं, कुणाकडे उडायचं आणि आडोसा कुठला यावर चालतं. आना घेतलीस तर एम सरळ कामाला येतो कारण तिला आपल्या माणसाला बरं करायलाही गोळीच मारायला लागते. बाप्टिस्टची बंदूक तर तुझ्या ओळखीच्याच जातीची आहे. एकाच रोलमधे तीन हिरो आणि तिघांत तुझं सामान वेगवेगळं कामाला येतंय, म्हणून "स्किल जातं का" हा प्रश्न फार मोठा आहे, "माझं कुठलं स्किल, कुठल्या हिरोवर" असा छोटा करून विचार.

आणि दुसरं, जे तुला बहुतेक मारतंय. सोल्जर म्हणून तू उंचावर, बाजूला, टीमपासून थोडा लांब उभा राहायचास आणि कुणी अंगावर आलं तर पळून जायचास, तुझ्याकडे स्प्रिंट होती. त्याच जागी आना घेऊन उभा राहिलास तर अंगावर आलेला विन्स्टन (उडी मारून येणारा टँक) तुला सोडत नाही, कारण तुझ्याकडे पळायचं साधन नाही, फक्त एक स्लीप डार्ट (झोपवणारा बाण) आहे. जागा तीच, हिशोब वेगळा. डायमंडला जमलेल्या सवयी इथे उलट्या पडतायत आणि त्या इतक्या पक्क्या आहेत की तुला त्या दिसतही नाहीत. पक्की सवय मोडायला नवीन सवय लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला नवशिक्यापेक्षाही वाईट वाटू शकतं. पण समोरचा डीपीएस (तुझ्या सोल्जरसारखा मारणारा) तुला कुठून मारायला येणार हे तुला गोल्डमधल्या कुठल्याही सपोर्टपेक्षा चांगलं माहितीये, कारण तो रस्ता तू स्वतः रोज वापरतोस. आनाला किंवा बाप्टिस्टला धरून राहा, उभं राहायची जागा बदल आणि मग महिनाभराने परत लिही, मला खरंच ऐकायचंय.

प्रश्न: ताई मी डोटामधे पोझिशन फाइव्ह, हार्ड सपोर्ट. कॅरी (सोनं जमवून शेवटी सामना जिंकून देणारा) खेळायला घेतला की लास्ट हिटच (क्रीपवरचा सोनं मिळवून देणारा शेवटचा वार) मिळत नाहीत, दहाव्या मिनिटाला समोरच्याकडे दुप्पट सोनं असतं. मग सपोर्टचा उपयोग काय झाला?
– वॉर्ड लावणारा

ताई: लास्ट हिट हा हाताचा सराव आहे आणि सपोर्ट म्हणून तुला तो करायची वेळच आली नाही, एवढंच. लॉबी उघड, एकटा क्रीप (लीगमधल्या मिनियनसारखे छोटे सैनिक) मार, प्रत्येक हिरोचा हात मारायला किती वेळ घेतो ते अंगात मुरू दे. आपला क्रीप निम्म्या हेल्थच्या खाली गेला की डिनाय करता येतो (समोरच्याला सोनं मिळू नये म्हणून आपणच मारायचा), ते तुला सपोर्ट म्हणून थोडंफार येत असेलच. याला शॉर्टकट नाही पण याला फार दिवसही लागत नाहीत.

कॅरीच्या बाकीच्या निम्म्या खेळात मात्र तू पुढे आहेस. घड्याळ बघ. जंगलातले कॅम्प (क्रीपचे गट) मिनिटाच्या ठोक्याला येतात म्हणून स्टॅक करायला (एकाच जागी दोन गट साठवायला) तू ५३ ते ५५ सेकंदाच्या सुमारास क्रीपना ओढतोस, ही घड्याळाकडे बघायची सवय कॅरीला सोन्यासारखी. लेनमधून निघून ठोक्याच्या आधी कॅम्पजवळ पोचलास तर फार्म आणि स्टॅक दोन्ही एकाच फेरीत. रोशन (मॅपवरचा मोठा राक्षस) मेल्यावर ८ ते ११ मिनिटांत परत येतो आणि त्याच्याकडून मिळणारी एजिस (मेल्यावर परत उठवणारी वस्तू) ५ मिनिटं टिकते, हे आकडे सपोर्टच्या डोक्यात असतात आणि कॅरी मात्र विचारत बसतो.

वॉर्डचं तर विचारूच नको. ऑब्झर्व्हर वॉर्ड सहा मिनिटं राहतो, समोरचा सपोर्ट तो कुठे लावेल हे तुला माहितीये कारण तू पण तिथेच लावला असतास. म्हणजे कुठल्या रस्त्याने गेलास तर दिसशील हे कॅरी म्हणून तुला कुणी न सांगता कळतं. समोरचे दोन्ही सपोर्ट बराच वेळ मॅपवर दिसले नाहीत तर ते स्मोक मारून (डोटामधे ही अदृश्य करणारी वस्तू) कुणाला तरी शोधतायत, हे तू स्वतः शेकडो वेळा केलंयस, मग अशा वेळी लांबच्या लेनमधे एकटा फार्म करायला जाऊ नको. कॅरी बहुतेक वेळा लास्ट हिट चुकल्याने मागे पडत नाही, भलत्या वेळी मेल्याने पडतो. आणि एक सवय सोड, दुसऱ्यासाठी जीव टाकायची. सपोर्ट म्हणून कॅरीला वाचवताना मेलास तर सौदा चांगला होता, आता तूच तो कॅरी आहेस, मागे वळू नको, पळ.

प्रश्न: आमच्या टीमचा कॅप्टन मी आहे. सगळ्यांना सगळे रोल खेळायला लावावेत का? टीममधले म्हणतात वेळ फुकट जातो.
– कॅप्टन

ताई: सगळ्यांना सगळे नको, वेळ खरंच जातो. प्रत्येकाला त्याच्या शेजारचा रोल खेळायला लाव, म्हणजे ज्याच्याबरोबर त्याचं रोजचं काम पडतं तो. बॉट लेनची जोडी आपापसात बदलू दे, गोळीबाराच्या गेममधे एंट्री मारणारा (आधी घुसणारा) आणि त्याला फ्लॅश (समोरच्याला आंधळं करणारा उजेड) देणारा आपापसात बदलू देत. रँकमधे नाही, साध्या सामन्यांत. फ्लॅश देणाऱ्याने दोन-चार वेळा स्वतः एंट्री मारली की त्याला कळतं की आपला फ्लॅश अर्धा सेकंद उशिरा येतोय, हे कॅप्टनने महिनाभर सांगून कळत नाही.

बोलणं सुद्धा यातून सुधारतं. "मदत करा रे" हा कॉल कुणालाच उपयोगाचा नसतो. समोरचा रोल खेळलेला माणूस आपोआप त्याला लागेल तेच सांगतो, किती जण, कुठून, काय वापरून झालंय.

डोटामधे ओजी टीमचं उदाहरण तुझ्या मंडळींना सांग. २०१८ मधे मोठ्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी टीम मोडली, त्यांचा कोच सेब स्वतः ऑफलेन (टीमची अवघड लेन) खेळायला उतरला, आणि कॅप्टन नोटेल, जो याच टीममधे पूर्वी कॅरी खेळलेला, तो सपोर्ट होता. त्यांनी तीच मोठी स्पर्धा, २०१८ चं इंटरनॅशनल, जिंकलं आणि २०१९ चं पण. फक्त रोल बदलल्याने जिंकले असं मी म्हणणार नाही, पण आपला सपोर्ट एकेकाळी कॅरी होता तर कॅरीला काय हवंय हे त्याला विचारावं लागत नसणार एवढं नक्की.

रीप्ले बघताना पण हेच कर. स्वतःचा रीप्ले शेजारच्याच्या नजरेने लाव, कॅमेरा त्याच्यावर ठेव आणि प्रत्येक मरणाच्या दहा सेकंद आधी थांबव. त्याला त्या वेळी काय दिसत होतं, त्याला काय माहिती नव्हतं आणि ते कुणाला माहिती होतं. बहुतेक वेळा ते कुणाला तरी माहिती असतंच आणि तो बोललेला नसतो.

प्रश्न: मी लीगमधे एडीसी, आणि अधूनमधून ऑटोफिल होऊन (गेमने स्वतःच रोल देऊन) जंगल मिळतं. शिकायला वेळ नाही, सामना सुरू झालाय, काय करू?
– वैतागलेली

ताई: सोपा चॅम्पियन घे, वॉरविक वगैरे, ज्याला जंगलात जिवाची भीती कमी. कॅम्प सरळ क्रमाने साफ कर, हुशारी करायला जाऊ नको. गँकला (लेनमधे अचानक जाऊन समोरच्याला गाठायला) फक्त तिथे जा जिथे समोरचा तुमच्या टॉवरच्या जवळ आलाय, हे ओळखायला जंगलर असावं लागत नाही, एडीसी म्हणून तू स्वतः अशीच पुढे जाऊन मेलेली आहेस त्यामुळे तुला लांबूनच दिसेल. ड्रॅगन यायच्या मिनिटभर आधी बॉटकडे सरक आणि चॅटमधे तसं लिही. आणि मरू नको. शेवटच्या फाइटमधे एडीसी म्हणून तू ज्या समोरच्या माणसाला घाबरतेस, जो नेमका तुझ्या अंगावर उडी मारतो, त्याच्यावर तुझा अल्टिमेट (सगळ्यात मोठा स्पेल) टाक, तुमचा एडीसी तेवढ्यात त्याचं काम करून घेईल.